तुम्ही विचारलंत म्हणून: यॉर्क की लँकेस्टर?

माझ्या टेबलाच्या काचेखाली इंग्लंडच्या राजघराण्याची वंशावळ आहे. पंधराव्या शतकात यॉर्क आणि लँकेस्टर या तिच्याच दोन शाखा गादीसाठी भांडल्या. ती पाहून पक्षकार हमखास विचारतात, "साहेब, मग गादी खरी कुणाची, यॉर्कची की लँकेस्टरची?" वारसाहक्काचे दावे चालवण्यात हयात गेली, तेव्हा याचं उत्तर मी एका वाक्यात देईन अशी त्यांची समजूत.

तिसरा एडवर्ड 1377 मध्ये वारला. थोरला मुलगा आदल्याच वर्षी गेलेला, म्हणून नातू दुसरा रिचर्ड गादीवर बसला. त्याला मूलबाळ नव्हतं. एडवर्डच्या जगून मोठ्या झालेल्या मुलांत थोरल्याच्या पाठचा लायोनेल; त्याला एकच मुलगी, फिलिपा. त्याच्या पाठचा जॉन, लँकेस्टरचा ड्यूक. 1399 मध्ये जॉनच्या मुलानं रिचर्डला खाली खेचलं आणि तो चौथा हेन्री झाला. यॉर्कचा ड्यूक रिचर्ड हा बापाकडून जॉनच्याही धाकट्या भावाचा, एडमंडचा, नातू. पण आईकडून फिलिपाचा पणतू.

म्हणजे सगळा दावा एका मुलीवर टांगलेला. मुलीचा वंश धरायचा की नाही, हे इंग्लंडनं कधी पक्कं ठरवलंच नव्हतं. चौथ्या हेन्रीनं जून 1406 मध्ये गादी पुरुषवंशातच राहील असं पार्लमेंटकडून करून घेतलं आणि डिसेंबरात तेच फिरवलं. पंचाईत उघड आहे. फ्रान्सच्या गादीवर इंग्लंडचे राजे हक्क सांगत तो तिसऱ्या एडवर्डच्या आईकडून. तिकडे मुलगी चालते आणि घरात चालत नाही, हे कुठल्या तोंडानं म्हणणार?

मला खरी गोडी आहे ती ऑक्टोबर 1460 ची. गादीवर तेव्हा चौथ्या हेन्रीचा नातू, सहावा हेन्री. ड्यूक रिचर्ड, म्हणजेच यॉर्क, वेस्टमिन्स्टरला पार्लमेंटमध्ये आला आणि त्यानं थेट सिंहासनावर हात ठेवला. जयजयकार झाला नाही. आर्चबिशपनं विचारलं, राजाला भेटायचंय का? हा म्हणतो, उलट ज्यानं मला भेटायला येऊ नये असा या राज्यात कुणी मला ठाऊक नाही. (असे पक्षकार मी पाहिलेत. त्यांना साक्षीला उभं करायचं नसतं.)

मग त्यानं लेखी वंशावळ दाखल केली. सरदारांनी ती न्यायाधीशांकडे ढकलली. न्यायाधीश म्हणाले, हे कायद्याच्या वरचं आहे. मग राजाच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, न्यायाधीशांना जे झेपत नाही ते आम्हाला कसं झेपावं? मी हे कितव्यांदा वाचलं असेल कोण जाणे, हसू येतंच.

शेवटी सरदारांनीच हरकती काढल्या. राजनिष्ठेच्या शपथा, पार्लमेंटचे ठराव वगैरे. पण खरी बोचरी हरकत ढालीवरच्या चिन्हाची: लायोनेलचा वारस म्हणवतोस, तर आजवर एडमंडचं चिन्ह का मिरवलंस? आमच्या कोर्टात याला म्हणतात, इतकी वर्षं कुठे होतात? लँकेस्टरचा एकसष्ट वर्षांचा कब्जा, गादीवर तिसरा राजा. यॉर्कचं उत्तर असं, की हक्क काही काळ मुका राहिला म्हणून कुजत नाही. गप्प बसण्याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत, हेही त्यानं सुचवलं. खोटं नव्हतं ते. याच वंशाच्या हक्काच्या कटापायी 1415 मध्ये त्याच्या बापाचं डोकं उडवलं होतं.

निघाली ती तडजोड. सहावा हेन्री मरेपर्यंत राजा, नंतर यॉर्क. हेन्रीचा सात वर्षांचा मुलगा बाद. पोराची आई, मार्गारेट, हे ऐकून घेणारी नव्हती. 30 डिसेंबरला वेकफिल्डच्या लढाईत यॉर्क पडला आणि कागदी मुकुट घातलेलं त्याचं मुंडकं यॉर्क शहराच्या वेशीवर लागलं. तीन महिन्यांत टाउटनला त्याच्या मुलानं, चौथ्या एडवर्डनं, त्याचं उट्टं काढलं.

माझं मत विचाराल तर वंशावळीवर यॉर्क सरस. तरी वकीलपत्र मी लँकेस्टरचं घेतलं असतं.

आणि सगळ्यांत लंगडी बाजू ज्याची, तो सातवा हेन्री 1485 मध्ये लढाई जिंकून आला. आईकडचं बोफोर्ट घराणं म्हणजे लँकेस्टरच्या जॉनच्या लग्नाआधीच्या मुलांचा वंश; तो 1397 मध्ये औरस ठरवलेला, पण 1407 च्या सनदेत "राजपद वगळून" असे शब्द घातलेले. त्यानं वंशावळ काढलीच नाही. गादी आपल्याकडे आहे आणि आपल्या वंशात राहील, एवढंच पार्लमेंटकडून लिहून घेतलं. का, ते कुठेच नाही. मसुदा म्हणावा तर असा.