शिवडीच्या चिखलातला निवळ्या

निवळ्या बघायला जायचं तर आधी कालनिर्णय उघडायचं, लोकलचं वेळापत्रक त्यानंतर. उलट केलं की दिवस फुकट.

एक आधीच सांगून टाकतो. निवळ्या हा प्राणी आम्हीच रचलेला आहे. कोकणातल्या गिऱ्ह्याच्या, म्हणजे पाण्यातल्या भुताच्या गोष्टी, खाजणातली (खाऱ्या दलदलीतली) निवटी, म्हणजे चिखलावर उड्या मारणारा छोटा मासा, आणि गढूळ पाणी निवळायची जुनी रीत, या तिघांचं मिळून तो झाला. मात्र तो राहतो तो शिवडीचा गाळ, तिथली भरती-ओहोटी, तिवरं, रोहित पक्षी हे सगळं खरं. नियम एकच पाळला: जागा जे करू देत नाही, ते प्राण्यानेही करायचं नाही. लाल डोळे, उलटे पाय, रात्री बाराची किंकाळी असलं त्याच्याकडे काही नाही. बारा रोज बारालाच वाजतात. पाणी मात्र रोज पाऊण तास उशिरा येतं. घड्याळावर चालणारं भूत खाडीत राहील कसं?

तर तिथी. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीचा तळ. अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी छापील भरतीचं कोष्टकही बघावं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि निवळ्या वर येत नाही. बरेच जण सुट्टीचा रविवार धरून जातात, तो नेमका भांगाचा निघतो, मग म्हणतात काही दिसलं नाही.

आम्ही माघ वद्य द्वादशी धरली, महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधीची. सकाळी नऊला भरती, म्हणजे सव्वातीनच्या सुमाराला ओहोटीचा तळ. द्वादशी घ्यायला दुसरंही कारण आहे. शिवडीच्या जेट्टीवरून आपण पूर्वेकडे बघत असतो. सकाळची ओहोटी घेतली तर ऊन थेट डोळ्यांत येतं, सगळा गाळ आरशासारखा चकाकतो आणि निवळ्याची जी एकमेव खूण आहे, तो बसतो तिथलं निवळलेलं पाणी, तीच दिसेनाशी होते. दुपारी ऊन पाठीशी असतं.

हार्बर लाइनने रे रोड, कॉटन ग्रीन, मग शिवडी. पूर्वेच्या बाजूला उतरून गोदामांच्या रस्त्याने वीसेक मिनिटं चालत जेट्टी. रस्ता ट्रकांचा आहे, धूळ भरपूर, सावली जवळपास नाही. पाणी आणि टोपी घरूनच न्यावी. डावी-उजवी बघण्यासारखं बरंच आहे, टेकाडावर इंग्रजांनी १६८०च्या सुमारास बांधलेला शिवडीचा किल्लाही आहे, पण ते परतताना. साडेबाराच्या आत जेट्टीवर पोचायला हवं, कारण ओहोटीचे शेवटचे अडीच तास हेच कामाचे.

पोचल्यावर पाण्याकडे बघू नका, पक्ष्यांकडे बघा. नोव्हेंबरपासून साधारण मेपर्यंत रोहित या गाळावर असतात. त्यातला लहान रोहित मान खाली घालून, चोच उलटी करून, पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो. शेवाळ तरंगतं असेल तरच त्याला घास मिळतो. जिथे निवळ्या बसलाय तिथलं पाणी निवळलेलं, म्हणजे शेवाळही तळाला गेलेलं. तिथे रोहित चरत नाही. त्यामुळे थव्यात एक गोल रिकामी जागा राहते. वरून गुलाबी, मध्ये परातीएवढी पोकळी. घार आली की थवा फुटतो आणि पुन्हा बसतो. तीच पोकळी पुन्हा त्याच जागी राहिली तर ओळखावं. दुसरीकडे पडली तर ती नुसती पक्ष्यांची बसायची तऱ्हा.

दुर्बीण ८×४२ पुरते. दहापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत जेट्टीवरच्या वाऱ्याने हात थरथरतो आणि पोकळी सापडून हरवते. कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर लावलात तर पाण्यावरची चकाकी कापली जाते, बदल्यात उजेड कमी होतो. निवळ्या हलत नाही, त्यामुळे तेवढं चालतं.

आता ती परात. मुंबईच्या खाडीचं पाणी निवळलेलं बघायची आपल्याला सवयच नाही, म्हणून पहिल्यांदा डोळा फसतो, तिथे पाणी नसून खड्डा आहे असं वाटतं. कडा एकदम स्पष्ट. बाहेर चहाच्या रंगाचं पाणी, आत तळ दिसतो, तळावर बोटाने ओढल्यासारख्या बारीक वळ्या. शिंपल्यांच्या आणि गोगलगाईंच्या रेघा बाहेरून येतात आणि कडेपाशी वळतात, आत एकही जात नाही. कडेवर एखादी निवटी बसलेली असते, पाठीवरचा पंख उभारून. तिचे डोळे डोक्यावर बाहेर आलेले. मध्येच ते खोबणीत ओढून घेते आणि ओले करून पुन्हा वर काढते. निवटी बसली असेल तर निवळ्या शांत आहे. ती टणाटण उड्या मारत तिवरांकडे गेली की थोडं मागे सरावं.

हे निवळतं कसं, यातली गंमत आम्हाला सगळ्यात आवडते. गाळाचे बारीक कण एकमेकांना दूर लोटतात म्हणून गोड्या पाण्यात तरंगत राहतात. तुरटी फिरवली की ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि बसतात. निवळीचं बी माठात उगाळायचे तेही याचसाठी, प्राण्याचं नावही तिथूनच आलं. खाडीत समुद्राचं मीठच हे काम करतं. नदीचा गाळ खाऱ्या पाण्याला भेटला की त्याचे पुंजके होतात, म्हणूनच खाडीत एवढा चिखल साठतो. मग पाणी गढूळ का? तर भरती-ओहोटी दिवसातून चार वेळा तो ढवळते. निवळ्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर मिठाचंच काम पुढे नेतो, पण प्रवाह मंद असेल तेव्हाच त्याचं चालतं. म्हणून तो ओहोटीच्या शेवटी दिसतो. म्हणूनच अटल सेतूच्या खांबांजवळ कधी दिसत नाही. खांबांभोवती पाण्याला भोवरे पडतात, गाळ बसतच नाही. आणि म्हणूनच तो पूर्वेच्या किनाऱ्यावर आहे. पश्चिमेला लाटा, खडक, रेती. आडोसा आहे तो बंदराच्या बाजूला. वरळीची खाडी अठराव्या शतकाच्या शेवटाकडे हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून बंद झाली, त्याआधी त्याचे काही भाऊबंद तिकडेही होते असं आम्ही धरतो.

अंगाने तो दीड हात लांब. पुढे दोन आखूड हात, मागे काही नाही, नुसता चपटा होत गेलेला भाग. पोट कायम चिखलात. डोक्यावर एकच केस, पेन्सिलीएवढा जाड, पोकळ, पाण्यावर वीतभर आलेला. श्वास त्यातूनच. गिऱ्ह्याच्या गोष्टीत त्याचा केस ज्याच्या हाती लागला त्याच्याकडे तो राबतो. निवळ्याचा केस उपटला तर तो गुदमरतो, राबणं दूरच. तेव्हा ते डोक्यातून काढा.

तिवरांच्या रांगेत बसला तर केस शोधणं कठीण, कारण तिवरांची श्वसनमुळंही अशीच पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली असतात, शेकड्यांनी. फरक दोन. मुळावर जुनं झालं की कालवं, शंख चिकटतात. केस कायम कोरा. आणि मूळ सरळ उभं राहतं, केस पाणी जिकडे जातंय तिकडे किंचित कललेला असतो. हे बघायला चिखलात उतरावं लागत नाही. तिवरं ओळखायची तर पानाचा मागचा भाग राखाडी आणि पान चाटलं तर खारट, झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं. मात्र अनोळखी खाजणात पानं चाटत फिरू नये. हुऱ्याचं झाडही तिथेच असतं, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.

खातो काय? चिंबोरीच्या फगातलं, म्हणजे खेकडे धरायच्या जाळ्यातलं आमिष. बाकी फारसं काही नाही.

स्वभाव हिशेबी. दिलेलं ठेवून घेत नाही, घेतलेलं सोडत नाही. दगड मारला तर दगड निवळलेल्या पाण्यातून सरळ तळाला जातो, काहीच ढवळत नाही, आणि निवळ्या तो तुमची वस्तू म्हणून परत करायला पुढच्या उधाणाला जेट्टीपर्यंत येतो. नारळ टाकला तरी तेच. त्याला अडवायचं असेल तर मूठभर गाळ परातीत टाकावा. पाणी गढूळलं की तो आधी ते निवळतो, मग बाकीचं. वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. रेती टाकून चालत नाही, रेती लगेच बसते. त्याचं सगळं मर्म या कणाच्या जाडीत आहे, आणि गोष्ट सांगणारे नेमके तेवढंच गाळतात.

धोका त्याच्याकडून कमी, चिखलाकडून जास्त. गिऱ्हा उथळ पाणी दाखवून खोलात नेतो म्हणतात, ते इथे शब्दशः लागू आहे. निवळलेलं पाणी बोटभर वाटतं, खालचा गाळ कमरेपर्यंत घेतो. जेट्टी सोडून उतरूच नये. तरी पाय रुतलाच तर जोर लावून वर ओढू नका, खाली पोकळी होऊन चिखल आणखी धरतो. मागे रेलून वजन पसरा, पाय बारीक हलवत राहा, कडेने पाणी आत शिरू द्या, मग तो सावकाश सुटतो. चप्पल जाईल. जाऊ द्या.

फसवणारी डबकी दोन प्रकारची. एक तेलाची, तीही गुळगुळीत दिसते. दुसरी लोखंड खाणाऱ्या जीवाणूंच्या सायीची, तिलाही इंद्रधनुष्यासारखा रंग असतो. काठावर असली तर काडीने टोचून बघावं: तेल फिरून पुन्हा एक होतं, जीवाणूंची साय काचेसारखी तुकड्यांत फुटते. निवळ्याच्या पाण्याला रंग नसतोच.

त्या दिवशी पोकळी एकच सापडली, जेट्टीच्या उत्तरेला, सव्वाच्या सुमाराला. दोनपर्यंत ती मोठी झाली, मग थांबली. केस दुर्बिणीत स्पष्ट होता, दक्षिणेकडे कललेला, पाणी समुद्राकडे जात होतं ना. तीन वाजून दहा मिनिटांनी तो सरळ उभा राहिला. पंधरा-वीस मिनिटं तसाच. नंतर उत्तरेला कलू लागला, आणि त्याच वेळी परातीची समुद्राकडची कड मळायला लागली. भरती सुरू. एक रोहित चालत आला, कडेशी थांबला, मान घातली, काढली, पुन्हा घातली आणि चरू लागला. त्याच्यामागून आणखी चार. पावणेचारला पोकळी भरलेली होती आणि इतक्या काटकुळ्या पायांमध्ये तो केस कुठला, ते सांगता येत नव्हतं.