अर्धी पट्टी

शनिवार, रात्र

हातांना अजून लाकडाच्या भुशाचा वास येतोय. दोनदा धुतले तरी जात नाही. जावा असं वाटतही नाही.

गेले चार शनिवार आम्ही बाराजण मिळून काष्ठतरंग, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, बनवतोय. सुतारकाम कुणालाच येत नाही, आणि निम्म्याजणांना सुराचं फारसं कळत नाही. कार्यशाळा घेणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वाद्य सगळ्यांचं मिळून एकच होईल, प्रत्येकाच्या वाट्याला त्यातली एखादी पट्टी. मी तेव्हा खट्टू झाले होते. मला घरी नेता येईल असं, माझं स्वतःचं वाद्य हवं होतं.

आज माझ्या हातून जे झालं ते नीट लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

खालच्या 'सा'ची पट्टी ४० सेंटिमीटरची ठरली होती. माझ्याकडे आला वरचा 'सा'. तारेचा हिशेब डोक्यात पक्का होता: तार बरोबर मध्यावर दाबली की वरचा 'सा' मिळतो. मी कुणाला विचारलंही नाही. वीसवर पेन्सिलची रेघ मारली आणि करवत चालवली. रबरी गोळा लावलेल्या काडीने पट्टी वाजवली, तर आवाज अगदी बारीक, टोकदार. होता 'सा'च, पण एक नाही, दोन सप्तकं वरचा. चांगलं घट्ट शिसवी लाकूड होतं. मला रडू यायचंच बाकी होतं.

ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या टेबलावरची तार छेडली, मग माझी पट्टी वाजवली, आणि म्हणाल्या, "तार कशामुळे परत जागेवर येते? ताणामुळे. तुझ्या पट्टीला कुणी ताणलंय का?" पट्टी परत येते ती तिच्या स्वतःच्या ताठपणामुळे. म्हणूनच तार निम्मी केली की कंपनं दुप्पट होतात, आणि तितक्याच जाडीची पट्टी निम्मी केली की चौपट. दुप्पटच हवी असतील तर ४० ला २ च्या वर्गमुळाने भागायचं. येतात २८.३. मग मी सगळेच स्वर मांडले: 'रे' ३७.७, 'ग' ३५.८, 'प' ३२.७, 'ध' ३१. हे आकडे एकाच लाकडाच्या, एकाच जाडीच्या पट्ट्यांसाठी. प्रत्यक्षात कापताना दोन-तीन मिलिमीटर जास्तच ठेवायचे, कारण एका फळीतसुद्धा लाकूड सगळीकडे सारखं नसतं. सूर उतरलेला असेल तर टोकं घासायची, चढलेला असेल तर पट्टीच्या पोटाकडून, मध्यावर, कानस फिरवायची. शाळेत वर्गमूळ शिकले तेव्हा ते कधी कानाला ऐकू येईल असं वाटलं नव्हतं.

भोकं कुठे पाडायची हा त्यानंतरचा प्रश्न. गटातल्या दहा वर्षांच्या मुलीने पट्टी दोन स्पंजांवर ठेवली, वर चिमूटभर मीठ भुरभुरलं आणि मध्यावर हलके हलके वाजवत राहिली. मीठ उड्या मारत सरकलं आणि दोन आडव्या रेघांत जमा झालं. त्या दोन जागा हलतच नाहीत. टोकापासून लांबीच्या साधारण २२.४ टक्क्यांवर, म्हणजे ४० च्या पट्टीत जवळजवळ ९ सेंटिमीटरवर. दोरी तिथूनच ओवायची. दुसरीकडे बांधली तर पट्टी नुसती 'ठक' करून गप्प बसते. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये वाळू पसरून अशाच आकृत्या छापल्या होत्या, असं ताईंनी सांगितलं. त्या मुलीने मात्र मीठ पुसून पुन्हा भुरभुरलं. पाच वेळा.

चहाच्या सुट्टीत एका आजोबांनी विचारलं, मग ढोलाला पक्का सूर का नसतो आणि तबल्याला कसा असतो? मला हा प्रश्न फार आवडला. मोकळ्या चामड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटीत बसत नाहीत, म्हणून कान गोंधळतो. तबल्यावरच्या मधल्या काळ्या शाईच्या वजनाने ते पटीत येतात. शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलं होतं. पण शाईचा थरावर थर घोटून, प्रत्येक थराला कान देऊन ते आधीच साधलेल्या कारागिरांची नावं कुणाला माहीत नाहीत. लाकडी पट्टीचंही तसंच असतं. तिचा दुसरा स्वर मूळ स्वराच्या सुमारे २.७६ पट असतो, सुराबाहेरचा. मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्याच वाद्यात पोटाकडून कमान कोरून तो बरोबर चौपटीवर आणतात. आम्हाला इतकं जमणार नाही, पण कमान कशासाठी असते ते तरी कळलं.

संध्याकाळी सगळ्या पट्ट्या चौकटीवर मांडल्या. 'म' आणि 'नी' मुद्दामच ठेवलेले नाहीत. भूप रागाचे पाचच स्वर असले की दोघांनी एकाच वेळी काहीही वाजवलं तरी कानाला खुपत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या संगीत शिकवण्याच्या पद्धतीत मुलांच्या वाद्यांवरून नको त्या पट्ट्या काढून ठेवतात, त्यामागेही हाच विचार. पहिली काही मिनिटं नुसता गलका झाला. प्रत्येकजण आपल्याच पट्टीवर, आपल्याच वेगाने, कारण आपण बनवलेली पट्टी वाजवायचा मोह आवरत नाही. मग आजोबांनी खालचा 'सा' धरला, सावकाश, एकसारखा. हळूहळू एकेकाचा हात थांबला. आपली जागा येईपर्यंत ऐकत राहायचं, आली की एकदाच वाजवायचं. माझा २८.३ चा 'सा' आला तेव्हा छातीत धडधडत होतं.

माझी चुकलेली अर्धी पट्टी त्या मुलीने मागून घेतली. टोकांपासून साडेचार-साडेचार सेंटिमीटरवर भोकं पाडली आणि चौकटीच्या अगदी टोकाला बांधली. प्रत्येक फेरी संपली की ती तिथे एकच ठोका द्यायची.

'ध' अजून जरासा चढा आहे. पुढच्या शनिवारी पोटाकडून दोन-तीन हात कानस फिरवायची, आणि दर हाताला थांबून ऐकायचं.