साखर नाही, मग गोड कशाने?

डब्यातला एक मफिन तोंडात टाकला की समोरच्या बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘साखर नाही म्हणतेस, गूळही नाही, मग हे गोड कशाने झालं?’ मुलीच्या शाळेत मधल्या सुट्टीच्या डब्यासाठी मी हे एका घासाचे फळांचे मफिन करायला लागले. त्याला आता सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून हळदीकुंकवाला, भिशीला, लिफ्टमध्येसुद्धा मला हे विचारलं गेलंय. उभ्याउभ्या मी ‘केळं’ एवढंच सांगते. ते खरं असलं तरी अर्धवट आहे, कारण त्या उत्तरावर घरी जाऊन केलेले मफिन फसले, असं दोघीतिघींनी मला नंतर सांगितलं. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज नीट बसून सांगते.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. परसातला केळीचा घड उतरवून माजघरात टांगला की आठवडाभर त्याच्याकडे कोणी बघायचं नाही, आणि मग दोन दिवसांत सगळा घड एकदम पिकायचा. घरात माणसं दहा, केळी शंभर. वाटून, खाऊन उरायची ती काळी पडलेली, देठातून गळायला आलेली. आजी त्यांचीच बोंडं करायची. केळं हातानेच कुस्करायचं, त्यात मावेल तेवढी कणीक, वेलची, मिठाची चिमूट, आणि तेलात बोटांनी सोडायची. गूळ घालायच्या आधी ती पीठ चाखून बघायची आणि पुष्कळदा गुळाचा डबा उघडायचीच नाही. ‘केळ्याने आपलं काम केलंय,’ म्हणायची.

मी करते ते त्या बोंडांचंच भट्टीतलं रूप आहे. तळण गेलं आणि ओव्हन आला, पण केळ्याचं काम तेच राहिलं.

ते काम असं. कच्च्या केळ्याच्या गरात साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो. केळं पिकतं तसा तो साखरेत बदलत जातो आणि पूर्ण पिकेपर्यंत जवळजवळ सगळा संपतो. बाजारातून आणलेलं पिवळंधमक, देठाशी जरा हिरवं केळं खायला चांगलं लागतं, पण बिनसाखरेच्या मफिनला ते उपयोगाचं नाही. त्याने मफिन रबरासारखा होतो आणि चवीला पिठूळ लागतो. मैत्रिणींचं फसलं ते इथेच. सालीवर पिवळ्यापेक्षा काळं जास्त दिसायला लागलं, साल कागदासारखी पातळ झाली आणि स्वयंपाकघरात शिरताच वास आला की समजायचं केळं तयार आहे. फ्रीजमध्ये ठेवून काळं झालेलं केळं मात्र यात धरू नका. थंडीने साल काळी पडते, आत गर तसाच कडक राहतो. केळं बाहेरच पिकू द्यायचं. घाई असेल तर एखाद्या सफरचंदाबरोबर कागदी पिशवीत बांधून ठेवायचं. आंब्याची अढी घालतो त्यातलाच हा प्रकार. फळातून निघणारा वायू कोंडून राहतो आणि पिकणं लवकर होतं.

आमच्या कोपऱ्यावरचे फळवाले आता मला ओळखतात. इतर गिऱ्हाइकं बाजूला सारतात ती काळी फणी ते माझ्यासाठी खालच्या पाटीत ठेवतात. जास्त झाली तर मी सोलून, तुकडे करून फ्रीजरमध्ये टाकते. गोठलेलं केळं सुटलं की पाणी सोडतं. ते पाणी फेकू नका, त्यातही गोडवा आहे.

माप सांगते. अशी तीन मध्यम केळी, एक वाटी कणीक, अर्धी वाटी नाचणीचं पीठ, पाव वाटी आंबट दही, तीन मोठे चमचे पातळ केलेलं तूप, सहा बिनबियांचे खजूर बारीक चिरून, अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा, वेलची आणि मीठ. मीठ विसरू नका, गोडवा त्याने उठून येतो. नाचणी आधी मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून घ्यायची. सगळंच नाचणीचं करायचा मोह मलाही झाला होता, पण पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नाचणीत नसल्याने मफिन हातातच भुगा होऊन पडतो. कणकेचा आधार हवा. केळं मी काट्यानेच कुस्करते, मिक्सरला लावत नाही. दाताखाली मधूनच येणारा गराचा तुकडा मला हवा असतो. पीठ घातल्यावर जेमतेम ओलं होईल इतकंच हलवायचं, नाहीतर चिवटपणा येतो. 180 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये छोट्या साच्यांत चौदा-पंधरा मिनिटं. वीस ते चोवीस होतात.

ओव्हन नसेल तर अप्पेपात्र काढा. खोलगट खाचांना तूप लावायचं, अगदी बारीक आच, वर झाकण, पाच-सहा मिनिटांनी काडीने उलटायचे. उलटताना तळाला जो तपकिरी, खरपूस पापुद्रा दिसतो, तो ओव्हनमधल्या मफिनला येत नाही. खरं सांगायचं तर मला अप्पेपात्रातलेच जास्त आवडतात.

एवढासाच आकार का, हेही विचारतात. साखर केकमध्ये गोडीपलीकडे बरंच काही करत असते. ती केक मऊ ठेवते, हलका करते, वरचा रंग आणते. ती काढून टाकली आणि फळाचा ओलावा वाढवला की मोठा केक बाहेरून करपायला येतो तरी मधे गिच्च राहतो. छोट्या साच्यात उष्णता मध्यापर्यंत लवकर पोचते, आणि खरपूस कड प्रत्येकाच्या वाट्याला येते. साखर टिकवायचंही काम करते, त्यामुळे हे मफिन बाहेर एक दिवस, फ्रीजमध्ये चार दिवस, त्यापुढे नाही.

केळं जमलं की दुसऱ्या फळांकडे वळावंसं वाटतंच. चिकू उत्तम, तोही डहाणू-घोलवडकडचा पूर्ण पिकलेला, बोटाने दाबला की खाच राहील असा. जरा कच्चा असला तरी सगळं मिश्रण तुरट होतं. जिभेवर चढणारा तो तुरटपणा भाजूनही जात नाही. कच्चा अननस दह्यात मिसळून ठेवला तर दही कडवट होतं, म्हणून अननसाचे तुकडे आधी परतून घ्यावेत.

स्ट्रॉबेरीने मला रडवलं. मुलीच्या वाढदिवसाला महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणली होती, लालबुंद. केळ्याच्याच मापाने मिश्रण केलं, सोडा तेवढाच घातला. ओव्हनमधून काढले तर आतले लाल तुकडे राखाडी-निळे झालेले. चव बरी होती, पण एकाही मुलाने हात लावला नाही आणि मुलगी गप्प झाली. स्ट्रॉबेरीचा लाल रंग आंबटपणात टिकतो आणि सोड्याने निळसर होतो, हे मला नंतर समजलं. जांभळाचंही तसंच. आता अशा फळांना मी सोडा घालत नाही, बेकिंग पावडर घालते, आणि तुकडे मिश्रणात न मिसळता वरून खोचते.

दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो. ‘आमच्या ह्यांना शुगर आहे, चालेल ना?’ याचं उत्तर मी फार जपून देते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत आणली तर आणखी चांगलं. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 25 ग्रॅम, सहा चहाचे चमचे. त्यात मध येतो, फळांचा रसही येतो. अख्ख्या ताज्या फळातली साखर येत नाही. म्हणून गुळाने किंवा मधाने केलेल्या केकला ‘शुगर फ्री’ म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही. गूळ म्हणजे साखरच आहे. माझे मफिनसुद्धा गोडच आहेत. त्यात पिकलेलं केळं आहे, खजूर आहे, कणीक आहे, आणि रक्तातली साखर या सगळ्याने वाढते. फळाचा चोथा आणि नाचणी सोबत आहेत एवढाच फरक. माझ्या सासऱ्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या डॉक्टरांना विचारून मी त्यांना एक देते, जेवणानंतर नाही, चार वाजता चहाबरोबर, आणि त्या दिवशी त्यांचं बिस्किट बंद असतं. बशीत एकच मफिन घेऊन ते तो चार घासांत खातात. एका घासाच्या वस्तूचे त्यांनी केलेले ते चार घास बघितले की मला त्या अर्ध्या तासाच्या खटाटोपाचं सार्थक वाटतं.

सध्या माझ्या डोक्यात बरका, म्हणजे मऊ रसाळ गऱ्यांचा फणस आहे. गोडीला तो केळ्याला हार जाणार नाही, पण त्याचे धागे मफिनमध्ये केसासारखे लागतात. चाळणीवर घासून रस काढला तर तो इतका पातळ होतो की कणकेचा चिकट गोळाच भाजला जातो. दोनदा टाकून द्यावा लागला. परवा आईला फोन केला. ती म्हणाली, ‘कणीक कशाला घालत्येस? सांदणाला काय घालतो आपण?’ सांदण म्हणजे फणसाच्या रसात तांदळाची कणी घालून वाफवलेला आमच्याकडचा गोड पदार्थ. काल तांदूळ धुऊन पंख्याखाली पसरलेत, आज त्यांची कणी काढून आणायची आहे.