रिकाम्या टाकीवर घेतलेलं रीडिंग

टाकी भरत आली की लेव्हल ट्रान्समीटर, म्हणजे टाकीतली पातळी मोजून कंट्रोल रूमला कळवणारं उपकरण, बंद पडायचा. माल उतरला की आपोआप सुरू. आठवडाभर हाच खेळ, आणि पुरवठादाराच्या सर्व्हिस डेस्ककडून प्रत्येक मेलला तेच उत्तर: 'टर्मिनलवरचं व्होल्टेज तपासा.' अहो, तपासलं होतं! शिडी चढून, टाकीच्या माथ्यावर भर उन्हात मल्टिमीटर लावून. 21.5 व्होल्ट. ट्रान्समीटर चालायला लागणाऱ्या किमान 12 व्होल्टपेक्षा कितीतरी जास्त.

त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण त्यातला निम्मा आता माझ्या वाट्याचा आहे. मी मोजलं तेव्हा टाकी जवळपास रिकामी होती.

रिकामी टाकी म्हणजे 4 मिलिअँप, भरलेली म्हणजे 20. दोन तारांच्या ट्रान्समीटरची वीज आणि सिग्नल एकाच जोडीतून जातात. पातळी चढली की प्रवाह चढतो आणि वाटेतला प्रत्येक ओहम जास्त व्होल्ट खातो. रिकाम्या टाकीवरचं रीडिंग म्हणूनच काही सांगत नाही. हे त्या सर्व्हिस डेस्कने एका ओळीत लिहिलं असतं तर माझ्या शिडीच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

मग जुना हिशेबाचा कागद काढला. सप्लाय 24 व्होल्ट, झेनर बॅरियर (धोक्याच्या भागात जाणारी वीज मर्यादित ठेवणारा) 300 ओहम, कंट्रोल रूममध्ये सिग्नल वाचणाऱ्या इनपुट कार्डाचा रेझिस्टर 250 ओहम. केबल 0.5 चौरस मिलिमीटरची, 800 मीटर, किलोमीटरला 36 ओहम, म्हणजे 28.8. एकूण 578.8 ओहम, 20 मिलिअँपला 11.6 व्होल्ट गेले, 12.4 उरले. पास. खाली माझीच सही.

चूक दिसायला अर्धा दिवस गेला. केबलच्या तक्त्यातला किलोमीटरचा आकडा एका तारेचा असतो. प्रवाह जातो तसा परतही येतो. केबल 57.6 ओहमची धरायला हवी होती. तशी धरली की 12.15 व्होल्ट जातात, 11.85 उरतात. नापास! त्यात बिघाडाचा इशारा देताना ट्रान्समीटर 22 मिलिअँपपर्यंत जाऊ शकतो. तिथे उरतात 10.6. हिशेब 22 वरच करा, 20 वर नको.

पहिला विचार आला, केबलमधली मोकळी जोडी समांतर जोडावी. पण लूप, म्हणजे हे सगळं सर्किट, अंतर्गत सुरक्षित प्रकारातला: ठिणगीने स्फोट होऊ नये म्हणून त्यातली ऊर्जा मर्यादित ठेवलेली. जोडी वाढवली की केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते आणि सुरक्षेचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. शिवाय 550 ओहम बॅरियर आणि कार्डात अडकलेले असताना तांबं वाढवून मिळणार किती? अर्धा-पाऊण व्होल्ट. शेवटी बॅरियर काढून गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवला; हा दोन बाजूंची सर्किटं विजेने वेगळी ठेवतो. सुरक्षेचा कागद त्यासाठीही नव्याने करावा लागला, पण आयसोलेटर 20 मिलिअँपला स्वतःहून 16 व्होल्ट देतो, जायचे ते फक्त केबलमध्ये.

या वेळी टाकी भरायची वाट पाहिली नाही. कंट्रोल रूमला सांगून हार्ट कम्युनिकेटरने (ट्रान्समीटरशी त्याच तारांवरून बोलणारं हातातलं यंत्र) आउटपुट 20 मिलिअँपवर अडकवलं आणि टर्मिनलवर मोजलं: 14.8. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

आणि हो, तक्त्यातले ओहम 20 अंशांचे असतात. तापलेल्या ट्रेमध्ये केबल 60 अंशांवर गेली तर साधारण 16 टक्के वाढवा. लांबीही नकाशावर पट्टी ठेवून घेऊ नका; ट्रे वळणं घेत जातो, जंक्शन बॉक्सपर्यंत खाली उतरतो आणि टाकीवर पुन्हा चढतो.