रेषा बोटाला लागते का?

आमच्या संग्रहालयात सार्वजनिक व्याख्यानं होतात. व्याख्यान संपलं की त्याचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे येतं आणि त्याचा पॉडकास्ट करून तो सगळ्यांसाठी मोफत खुला करणं हे माझं काम. एरवी काय करायचं ते ठरलेलं असतं. मिक्सरमधून घेतलेला आवाज स्वच्छ करायचा, खोकले आणि खुर्च्यांची सरकासरक कमी करायची, कुणी माईक न घेताच प्रश्न विचारला असेल तर तो वेगळा वाचून जोडायचा. माणसाच्या बोलण्याला ६४ केबीपीएसची मोनो एमपीथ्री पुरते. तासाभराचं व्याख्यान २९ एमबीच्या आत बसतं. साध्या फोनवर, थोड्या डेटात कुणालाही ते उतरवून घेता यावं याकडे माझं बारीक लक्ष असतं. मोफत म्हणायचं आणि आधी नाव-ईमेल मागायचा, हे मला पटत नाही. आमची फीड उघडी आहे, कुठल्याही अ‍ॅपमधून घ्या.

त्या दिवशी संकलनाला बसलो होतो ते आमच्या अभिरक्षक मॅडमच्या व्याख्यानाच्या. विषय होता अथेन्सचे चित्रांकित कुंभ. सभागृहात ते फार रंगलं होतं, मी स्वतः मागे उभा राहून ऐकलं होतं. पण हेडफोनमध्ये पडदा नसतो. "इथं बघा", "हा काळा आणि त्याच्या शेजारचा हा", "या दोघांतला फरक तर लगेच दिसतोच", आणि मग सभागृहातून कौतुकाचा एक हुंकार. कशाबद्दल, ते ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. सोबत छायाचित्रं जोडणं हा नेहमीचा उपाय इथे चालणार नव्हता. पडद्यावरची बरीच छायाचित्रं दुसऱ्या संग्रहालयांची होती आणि त्यांची परवानगी फक्त सभागृहापुरती होती.

आमच्या सुगम्यता विभागातले एक सहकारी जन्मांध आहेत. प्रत्येक एपिसोड बाहेर जाण्याआधी ते ऐकतात आणि त्यांचं मत मी फार मानतो. ते आले, दुसरा हेडफोन लावून बसले. सुरुवातीचा भाग त्यांनी शांतपणे ऐकला. जुन्या पद्धतीत आकृती काळी असायची आणि तिच्यातले तपशील टोकदार हत्यारानं कोरून खालची लाल माती उघडी केली जायची. इ.स.पू. ५३०च्या सुमारास हे उलटं झालं: पार्श्वभूमी काळी केली, आकृती मातीच्याच लाल रंगात राहू दिली आणि तपशील वरून रेखाटले. इथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कोरलेली रेषा खोल असणार, ते समजलं. पण वरून काढलेली रेषा? ती बोटाला लागते का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी मॅडमना फोन लावला. प्रश्न ऐकून त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मी खालीच येते."

त्या आल्या त्या हातात एक ट्रे घेऊन. हाताळायला म्हणून वेगळे ठेवलेले फुटक्या भांड्यांचे तुकडे त्यात होते. हात धुऊन, कोरडे करून सहकाऱ्यांनी एक तुकडा घेतला आणि त्यांचं बोट हळूहळू फिरत एका जागी थबकलं. "लागते की! दोऱ्यासारखी." मी तोवर माईक चालू केलाच होता.

पुढचं बोलणं हे माझ्या मते त्या अख्ख्या व्याख्यानापेक्षा सरस झालं. मॅडम त्यांना सांगत होत्या, पडद्याला नाही. लोहयुक्त अतिशय बारीक मातीचा दाट लेप रेषेसाठी वापरत, म्हणून ती पृष्ठभागावर उठून राहते. ती नेमकी कशानं ओढत यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. तोच लेप पातळ केला की तपकिरी, फिकट रेषा मिळते, स्नायूंसाठी किंवा केसांसाठी. मग सहकाऱ्यांनी विचारलं, "आणि काळा भाग असा गुळगुळीत का?" तेव्हा भट्टीची गोष्ट निघाली. आधी हवा आत घेऊन भाजायचं, सगळं भांडं लाल. मग झरोके बंद करून ओलसर लाकडं घालायची, हवेअभावी सगळं काळं. या उष्णतेत तो बारीक लेप काचेसारखा घट्ट होऊन बंद होतो. शेवटी पुन्हा हवा आत सोडली की सच्छिद्र माती परत लाल होते, पण लेपाच्या आत हवा शिरू शकत नाही, म्हणून तो काळाच राहतो. हे तिन्ही टप्पे एकाच भट्टीत, एकामागून एक. सभागृहात मॅडमनी हे एका आकृतीवर बोट ठेवून झटपट उरकलं होतं. आता प्रत्येक पायरी शब्दांत मांडावी लागत होती आणि ती मलाही पहिल्यांदा नीट कळली.

व्याख्यानाचा मधला भाग काढून हा संवाद तिथे घालावा, असं मी सुचवलं. आमच्या शिक्षण विभागाच्या प्रमुखांना ते रुचलं नाही. व्याख्यान जसं झालं तसंच जपलं पाहिजे, त्यात नंतरचं काही घालणं म्हणजे नोंदीशी छेडछाड, असं त्यांचं म्हणणं. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच मूळ ध्वनिमुद्रण कसलीही काटछाट न करता आमच्या दप्तरी जमा होतं. पण लोकांपर्यंत जातो तो एपिसोड ऐकण्यासाठी असतो. १९५२ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयानं ऐकत ऐकत पाहण्याची सोय केली, तेव्हा सगळ्यांच्या कानात रेडिओवरून एकाच वेळी तेच निवेदन पडायचं आणि ती वस्तू तरी समोर असायची. आमचा श्रोता संग्रहालयात पाऊल न ठेवताच ऐकत असतो. त्याला "इथं बघा" म्हणणं म्हणजे दार उघडून त्याला उंबऱ्यावरच उभं करणं. प्रमुखांनी शेवटी एक अट घातली: जोड कुठे आहे ते एपिसोडमध्येच स्पष्ट सांगायचं. अट रास्त होती. जोड सांगणाऱ्या दोन वाक्यांना मॅडमनी स्वतःचा आवाज दिला, नव्या भागासाठी दोघांनी संमतीपत्रावर सह्या केल्या आणि सहकाऱ्यांनी लिखित प्रत तपासताना "दोऱ्यासारखी" हा शब्द राहिलाय ना, हे आवर्जून विचारलं.

एपिसोड त्याच संध्याकाळी गेला. तो ऐकून झाल्यावर मॅडमनी मला त्यांच्या जुन्या व्याख्यानांची यादी पाठवली. त्यातली कुठली पुन्हा अशी करता येतील त्यावर खुणा केल्या होत्या. पहिली खूण मातीच्या मुद्रांवरच्या व्याख्यानापुढे आहे. ट्रे कुठला मागवायचा हे त्या सहकाऱ्यांशी बोलून ठरवणार आहेत.