गॅसचं बटण आणि मोटर

घरात काहीतरी रोबोट बनवतोय असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, कोडिंग कशात केलंस? अरे बाबा, कोड म्हणजे चाळीसेक ओळी, एका दुपारचं काम. मोटर बटणाला बांधली कशी हे मात्र कुणीच विचारत नाही, आणि खरी मजा (आणि डोकेदुखी) सगळी तिथेच असते.

माझा रोबोट चालत नाही बोलत नाही, दूध वर आलं की गॅस बंद करतो, बस. तेवढंच काम. त्यासाठी आधी हे कळायला हवं की बटण फिरवायला जोर किती लागतो, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो, स्वतःच मोजावा लागतो. बटणाला एक लाकडी पट्टी आवळून बांधायची, मध्यापासून १० सेंटीमीटरवर रद्दीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि हळूहळू ओढायचं. आमच्या शेगडीचं बटण ३०० ग्रॅमला हललं, म्हणजे ०.३ किलो गुणिले १० सेंटीमीटर, ३ किलो-सेंटीमीटर. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ कुठल्याही दुकानात मिळते ती निळी छोटी एसजी-९० सर्व्हो (सांगितलेल्या अंशापर्यंत फिरून थांबणारी मोटर) १.८ ची, म्हणजे बाद. तिची मोठी बहीण एमजी-९९६, धातूच्या गिअरची, ४.८ व्होल्टवर ९ च्या वर जाते, ती चालेल. पण सर्व्हो फिरतात जेमतेम १८० अंश आणि मला थोडं जास्त हवं होतं, म्हणून मध्ये दीडपट फिरवणारी गिअरची जोडी टाकली. दीडपट फिरलं की जोर तेवढ्याच हिशोबाने कमी, उरले सहाच्या आसपास. यात फुकट काही मिळत नाही, तरी तीनला सहा म्हणजे पुरे.

आता जोडायचं कसं. पहिला विचार सगळ्यांचा तोच, मोटरची दांडी बटणाला घट्ट पकडवून टाका. तसं केलं की मोटर हलेल तेव्हाच बटण हलणार, आई हाताने गॅस पेटवायला गेली तर गिअर अडवणार, आणि स्वयंपाकघरात आईला अडवणारं यंत्र किती दिवस टिकेल हे सांगायला नको. शिवाय बटण बंदच्या टोकाला टेकल्यावरही सर्व्हो ढकलतच राहिली तर ती अडीच अँपिअरपर्यंत करंट ओढते आणि तापते. म्हणून पकडायचंच नाही. एक खुंटी, ती बटणाच्या पंखाला फक्त एका बाजूने टेकते. एरवी सिमच्याही पलीकडे जाऊन गप्प उभी, वेळ आली की येते, बटण ढकलत बंदपर्यंत नेते, परत आपल्या जागी. मधली सगळी जागा माणसाची. ही मोकळी जागा काढण्यात माझा जेवढा वेळ गेला तेवढा बाकी कशातच नाही.

खुंटी थ्रीडी प्रिंट नाही केली बरं का. त्यात वापरतात ते पीएलए प्लास्टिक ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं, शेगडीशेजारी त्याची जिलेबीच व्हायची. ॲल्युमिनियमची पट्टी घेतली, करवतीने कापली, भोक पाडलं आणि कडा कानशीने घासल्या. कानस मारताना तो बारीक चंदेरी भुगा बोटांच्या रेषांत बसतो आणि साबणाने पण लवकर जात नाही.

दूध वर आलं हे ओळखायचं कसं? अल्ट्रासॉनिक सेन्सरने, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून, अंतर मोजता येतं, पण वाफेने तो ओला होतो, गरम हवेत आवाजाचा वेग बदलतो, आणि फेस आवाज गिळतो तो वेगळाच. शेवटी टाकीच्या पंपाला असते तीच युक्ती, स्टीलच्या दोन तारा पातेल्याच्या काठाखाली बोटभर लोंबत्या ठेवायच्या, सायीखाली वाफ कोंडून फेस चढला की तो दोन्ही तारांना टेकतो, करंट वाहतो, झालं. दूध वीज वाहून नेतं हे तेव्हा कामाला आलं. करंट सतत सोडायचा नाही, मधूनमधून क्षणभरच.

"आणि त्या तारा रोज कोण घासणार?" हे आईचं. रास्त आहे.

त्यात मावशी आली आणि म्हणाली, अरे ते शिट्टीवालं दुधाचं भांडं मिळतं की! हो मिळतं. आणि खरं सांगायचं तर ते भांडं माझ्या रोबोटपेक्षा कितीतरी हुशार आहे. दुहेरी भिंत, मध्ये पाणी. पाणी १०० च्या वर जात नाही, आणि दूध उकळायला त्याच्यापेक्षा किंचित जास्त लागतं, म्हणजे पाणी उकळत राहणार, शिट्टी वाजणार, पण दूध उतू जाणं शक्यच नाही. मोटर नाही, सेन्सर नाही, कोड नाही, चार्जिंग नाही. ज्याला कुणाला हे सुचलं त्याला मी मानतो.

ते भांडं आमच्याकडे आहे, माळ्यावर. त्यात साय धड धरत नाही असं आईचं ठाम मत आहे, त्यामुळे सध्या तारा मीच घासतोय.