शिकाऊ ड्राफ्ट्समनसाठी कॅड सॉफ्टवेअर घेताना: माझा अनुभव

आमच्या जॉबशॉपमध्ये (ग्राहकाच्या मागणीप्रमाणे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात) डिप्लोमा किंवा आयटीआयचा ‘ड्राफ्ट्समन मेकॅनिकल’ ट्रेड करून आलेली मुलं शिकाऊ म्हणून लागतात. त्यांच्यासाठी कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) निवडायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा सगळ्यात आधी कोणाला कोणती फाइल द्यावी लागते ते लिहून काढलं. ग्राहकाची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाइल) येते, लेझर कटिंगवाल्याला डीएक्सएफ (ड्रॉइंगची देवाणघेवाण करायची फाइल) लागते, व्हीएमसीवाला (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवाला) स्टेप (थ्रीडी मॉडेलची फाइल) मागतो आणि शॉपफ्लोअरवर पीडीएफची प्रिंट जाते. यातल्या एकात जरी अडलं, तर ते सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी आमच्या उपयोगाचं नाही.

बहुतेक मुलांच्या लॅपटॉपवर कॉलेजात असताना घेतलेलं ऑटोकॅड असतं. तो शैक्षणिक परवाना एका वर्षाचा असतो, विद्यार्थी असेपर्यंत त्याचं नूतनीकरण होतं, आणि तो फक्त शिकण्यापुरता. त्यावर ग्राहकाचं काम करता येत नाही. जे अजून शिकताहेत त्यांनी तो जरूर घ्यावा, पण पडताळणीला दिलेल्या कागदावर पूर्ण नाव, संस्थेचं नाव आणि चालू शैक्षणिक वर्षाची तारीख दिसली पाहिजे. आपल्याकडच्या ओळखपत्रावर वडिलांच्या नावासकट तीन नावं असतात आणि खातं दोनच नावांनी उघडलेलं असतं, मग अर्ज अडकतो. ओळखपत्रावर तारीख नसेल तर फीची पावती जोडावी.

क्रॅकचा (परवाना तोडून फुकट वापरायच्या सॉफ्टवेअरचा) विषय मी पहिल्याच दिवशी संपवतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३बी प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

फुकट किंवा स्वस्त मिळणाऱ्या व्यापारी पॅकेजांच्या अटी बारकाईने वाचाव्या लागतात. फ्यूजनची वैयक्तिक आवृत्ती छंदासाठी आहे: एका वेळी १० फाइलीच संपादनासाठी खुल्या राहतात, ड्रॉइंगला एकच शीट मिळते आणि ड्रॉइंगमधून डीडब्ल्यूजी काढता येत नाही. सॉलिड एजच्या कम्युनिटी आवृत्तीत केलेली फाइल व्यावसायिक आवृत्तीत उघडत नाही. ऑनशेपच्या मोफत खात्यातली डॉक्युमेंट्स सार्वजनिक असतात, तेव्हा ग्राहकाचा पार्ट तिथे ठेवायचा प्रश्नच नाही. शिवाय फुकटपणा कायमचा असेलच असं नाही. ड्राफ्टसाइटची मोफत आवृत्ती २०१९ संपताच चालायची थांबली. तिच्यावर अवलंबून असलेल्यांची चांगलीच धावपळ झाली.

मुक्त परवान्यात (ओपन सोर्समध्ये) ही भीती नाही. लिब्रेकॅड हलकं आहे आणि त्याची मूळ फाइलच डीएक्सएफ; फ्लँज, गॅस्केट, ब्रॅकेट काढायला पुरेसं. थ्रीडी मात्र नाही आणि डीडब्ल्यूजी लिहिता येत नाही. फ्रीकॅडमध्ये थ्रीडी, ड्रॉइंग आणि स्टेप सगळं आहे, फक्त डीडब्ल्यूजीसाठी वेगळा कन्व्हर्टर टाकावा लागतो. पूर्वी त्यात मधलं स्केच बदललं की पुढचे फिलेट (कडेला दिलेली गोलाई) भलत्याच कडेवर जायचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीने हा त्रास बराच कमी केला, म्हणून त्याआधीची आवृत्ती नवशिक्याच्या हाती देऊ नये.

निवड पक्की करण्याआधी प्रत्येकात एकच खरं ड्रॉइंग उघडून पाहिलं. पहिलं पाहायचं ते मोजमाप. आर१२ या जुन्या आवृत्तीच्या डीएक्सएफमध्ये एककाची नोंदच नसते, त्यामुळे समोरच्या मशीनने इंच धरले तर १०० मिमीची बाजू २५४० मिमी होते. दुसरं म्हणजे आर१२ मध्ये स्प्लाइनही (बिंदूंमधून जाणारा मुक्त वक्र) नसते. वक्राचे बारीक सरळ तुकडे होतात आणि लेझरची कड पैलूदार येते. जिथे जमेल तिथे वक्र आर्कनेच काढायचा. एकावर एक बसलेल्या रेघा लेझर दोनदा कापतो, त्या ऑटोकॅडमध्ये ‘ओव्हरकिल’ या कमांडने काढाव्यात. एसएचएक्स (ऑटोकॅडचा स्वतःचा) फॉन्ट सापडला नाही तर व्यासाच्या चिन्हाजागी भलतंच काही छापलं जातं. टेम्प्लेट मिमीचं आणि फर्स्ट अँगलचं (दृश्यं मांडायची आपल्याकडची पद्धत) आहे ना, हेही बघावं. एसपी ४६ (ड्रॉइंगची भारतीय मार्गदर्शक पुस्तिका) शिकून आलेल्या मुलाला थर्ड अँगलचं (दृश्यांची उलट मांडणी असलेलं) टेम्प्लेट मिळालं, की दृश्यं एका पद्धतीची आणि टायटल ब्लॉकमधलं चिन्ह दुसऱ्या पद्धतीचं, असा घोळ हमखास होतो. शेवटी १:१ प्रिंट काढून स्टीलपट्टीने मोजायची. प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ राहिलं असेल तर ते इथेच पकडलं जातं.

शिकायला फ्रीकॅड आणि लिब्रेकॅड, ग्राहकाच्या डीडब्ल्यूजीसाठी मोजक्या विकतच्या सीट (एकेका वापरकर्त्याचे परवाने), असं आम्ही ठरवलं. ऑटोकॅड आता वर्गणीनेच मिळतं. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड यांसारख्यांत कायमस्वरूपी परवानाही मिळतो. २डी काम वर्षभर चालणार असेल तर मी कायमस्वरूपीच्या बाजूने आहे, पण पुढची आवृत्ती घ्यायला किती पैसे पडतील ते कोटेशनमध्येच लिहून घ्यावं. किंमत जीएसटीसह विचारावी, नाहीतर १८ टक्के नंतर उगवतात. बिल कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावं, आणि खातं मुलाच्या खासगी ईमेलवर न उघडता कंपनीच्या ईमेलवर उघडावं. वर्गणी व्यक्तीच्या नावावर लावलेली असते. तो मुलगा सोडून गेला की अ‍ॅडमिनने त्याचं नाव काढून दुसऱ्याचं लावायचं. कायमस्वरूपी परवाना असलेला संगणक फॉरमॅट करण्याआधी परवाना परत जमा करून घ्यायचा, नाहीतर नव्या संगणकावर तो सुरू करायला विक्रेत्याच्या मागे लागावं लागतं.